ज्ञानम् मागे बसून गायची

ज्ञानसुंदरीला तिच्या अप्पांनी मन्नारगुडीत आणून सोडलं तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. 'सा' म्हणायला गेली की नुसती हवा निघायची. आणि सेंगमलम् अम्मांनी तिला आल्या आल्या नेमका तोच म्हणायला लावला.

"दात नाहीत हिला," अम्मा म्हणाल्या.

"येतील की," अप्पा म्हणाले.

"दात येतील. आवाज येतो का ते बघू."

अप्पा, म्हणजे कुळंदैवेलू, नागस्वरम ही लांब सनई वाजवणाऱ्यांच्या ताफ्यात झांजा धरायचे. लग्नसराई आली की आज या गावाला, उद्या त्या. बायको दुसऱ्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं. मग पोरगी बापाबरोबर ताफ्यातच वाढायला लागली. मांडवाच्या कडेला बसून ती गळ्यातून नागस्वरमची अशी काही नक्कल करायची, की वाजवणारे थांबून हसायचे. ताफ्याच्या म्होरक्यानंच सुचवलं, ही पोर सेंगमलम् अम्मांकडे नेऊन टाक, इथं राहिली तर कुणाच्या तरी घरची भांडी घासत म्हातारी होईल.

भांडी तिला अम्मांकडेही घासायला लागलीच. पण तो भाग वेगळा.

अम्मांचं घर हरिद्रानदी नावाच्या तळ्याजवळ होतं. लांबट, अंधारं, मध्ये उघडा चौक. अम्मांनी लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ नटेशन घर सांभाळायचा, मैफली ठरवायचा, गाडीची तिकिटं काढायचा. घरात येणारे जाणारे त्याला मामा म्हणत, ज्ञानम् पण मामाच म्हणायला लागली.

अम्मांची शिकवण्याची रीत म्हणजे न शिकवण्याचीच. पहाटे कावळ्यांच्या आधी उठायचं, रात्रीचा पाण्यातला भात आणि छोटे कांदे खायचे, तळ्याच्या पायरीवर जाऊन बसायचं आणि खालच्या पट्टीत एकेक सूर लांबवायचा. अम्मा घरात तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. एवढ्या लांबून त्यांना काही ऐकू जात नसेल असं ज्ञानम्ला वाटायचं. एकदा थंडीमुळे तिनं खालचा पंचम सोडून दिला आणि वरच्यावर सगळं उरकलं. घरी आली तर ताटात काही नव्हतं.

"पंचमाला जेवायला बोलावलं नाहीस," अम्मा म्हणाल्या, "मग तुला कोण बोलावणार?"

वही नव्हती. अम्मा ओळ म्हणायच्या, ती म्हणायची. तीच ओळ उद्या, तीच परवा. तोडीतल्या एका कीर्तनाची पहिली ओळ पावसाळ्यात सुरू झाली ती संक्रांतीच्या पोंगलाचं मडकं उतू गेलं तरी तीच चालू. शेवटी ज्ञानम् रडकुंडीला येऊन म्हणाली, "अम्मा, मला येते ही ओळ."

"तुला येते हे मला माहीत आहे. ओळीला तू आलीस का, ते बघतेय."

तिला काही कळलं नाही. झोपायला तंबोऱ्यांची खोली होती. दोन तंबोरे कोपऱ्यात लाल खोळीत उभे, आणि जमिनीवर चटईत ती. पहिल्या वर्षात ती भिंतीकडे तोंड करून रडायची, कारण घरात तिच्या वयाचं कुणी नव्हतं आणि मोठ्यांपैकी कुणी तिच्याशी गाण्याखेरीज बोलत नव्हतं. अप्पा लग्नसराई संपली की चकलीसारख्या मुरुक्कूचा पुडा घेऊन यायचे. ओट्यावर बसायचे, आत पाऊल टाकायचे नाहीत.

"खातेस ना नीट?"

"हो."

"अम्मा मारतात का?"

"नाही."

"मग झालं," असं म्हणून ते उठायचे. ती कोपऱ्यापर्यंत त्यांच्याबरोबर जायची आणि परत यायची. पुढे पुढे तिनं कोपऱ्यापर्यंत जायचंही सोडलं. जाऊन येताना जास्त त्रास व्हायचा.

न्हाण आलं, लांब परकर जाऊन साडी आली, तेव्हा एके दिवशी अम्मांनी तिला तंबोरा मांडीवर दिला आणि आपल्या मागे, जराशी डावीकडे, बसवलं.

"आता माझ्याबरोबर गायचं," त्या म्हणाल्या. "मी श्वास घेते तिथं तू असायचं. मी परत आले की तू नसायचं. समोरच्याला जोड दिसता कामा नये."

दक्षिणेतल्या गायकांच्या मागे असा एखादा शिष्य बसलेला असतोच. तंबोरा छेडायचा, गुरूचा आवाज उचलून धरायचा, त्यांनी सोडलेलं टोक पकडून ठेवायचं. बहुतेकांचं हे चार-पाच वर्षांचं काम असतं. शिकून झालं, की मंडळी आपापल्या वाटेला लागतात, स्वतःच्या मैफली करतात. ज्ञानम्चं तसं झालं नाही. तिचा आवाज अम्मांच्या आवाजात असा विरघळला, की अम्मांनाच तिच्याशिवाय गाता येईना. हे अम्मा कधी बोलल्या नाहीत. पण एकदा ज्ञानम् तापानं पडली होती आणि सेलमची मैफल होती, तर अम्मांनी मैफलच रद्द केली. मामानं डोक्यावर हात मारून घेतला.

मदुरै, तिरुनेलवेली, कोईमतूर, बोटीनं पार लंकेतल्या जाफन्यापर्यंत. गानसभेच्या जाहिरातीत सेंगमलम् अम्मांचं नाव मोठ्या अक्षरांत, खाली व्हायोलिन कोण, मृदंग कोण. मागे कोण, ते छापायची पद्धत नव्हती. मैफल संपली की हार यायचे. अम्मांना, व्हायोलिनवाल्यांना, मृदंगवाल्या अय्यासामींना. कधी एखादा हार उरलाच तर ज्ञानम्च्या गळ्यात पडायचा.

अय्यासामी तेव्हा तरुण होते, तोंडात कायम पान. ते स्वतःचा हार काढून तिच्या तंबोऱ्याला घालायचे आणि म्हणायचे, "घे बाई, तुला नाही तर भोपळ्याला तरी."

ज्ञानम् हसायची. तिला वाईट वाटायचं नाही, निदान तेव्हा तरी. गाणं चालू असताना तिला वाटायचं की आपण अम्मांच्या पाठीतून आत शिरलो आहोत. त्यांच्या खांद्याची हाडं वर झाली की तिला कळायचं, आता श्वास. मानेवरचा अंबाडा किंचित उजवीकडे कलला की समजायचं, आता सहाना रागातली ती लांबची जागा. अम्मांचं तोंड मात्र तिनं गाताना कधी पाहिलं नाही. पाहणार कसं, ती मागे.

तिचं लग्न व्हायची वेळ एकदा आली होती. तिरुवारूरच्या बाजूचा तविल, म्हणजे नागस्वरमबरोबरचा ढोल, वाजवणारा एक मुलगा, सेल्वराज नावाचा, त्याच्या घरून विचारणा झाली. अप्पा आनंदानं आले. या वेळी पहिल्यांदाच ओटा ओलांडून आत येऊन बसले. मुलगा ज्ञानम्नं एका देवळाच्या उत्सवात पाहिलेला होता. बोटांना पट्ट्या बांधताना तो तिच्याकडे बघून लाजला होता, तेही तिला आठवत होतं.

अम्मा म्हणाल्या, "चांगलं घर आहे. तिला विचारा."

एवढंच. पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे रियाझाला बसल्या त्या गप्पच. तंबोरा छेडून छेडून ज्ञानम्ची बोटं दुखायला लागली, तरी अम्मांनी तोंड उघडलं नाही. मग उठून आत गेल्या. मामा चौकातून हलक्या आवाजात म्हणाला, "पोरी, तू गेलीस तर ही गाणं सोडेल. मी सांगतो म्हणून नव्हे, तुला दिसतंय ते."

ज्ञानम्नं अप्पांना सांगितलं, नको.

"नको म्हणजे? पुढच्या वर्षी?"

"नकोच, अप्पा."

अप्पांनी पान काढलं, चुना लावला, पण ते तोंडात घातलं नाही, तसंच दुमडून ठेवून दिलं. "मी काय म्हाताऱ्या बाईला मुलगी दिली होती का?" ते म्हणाले. "शिकायला पाठवली होती." त्यानंतर ते आले, पण कमी आले. आणि एका पावसाळ्यात ताफा कुठेतरी लांब गेलेला असताना तिकडेच वारले. निरोप आला तोवर दहन झालं होतं.

वर्षं गेली. अम्मा साठीच्या पुढे गेल्या. वरचा षड्ज त्यांना जड जायला लागला. सुरुवातीला त्या तिथं नुसता स्पर्श करायच्या आणि ज्ञानम् तो धरून ठेवायची. मग स्पर्शही कमी झाला. अम्मा हात वर न्यायच्या, डोळे मिटायच्या, ओठ उघडायच्या, आणि सूर मागून यायचा. समोरच्याला कळत नव्हतं. कळू नये म्हणूनच तर तिला इतकी वर्षं घडवलेलं होतं.

एकदा रेडिओसाठी ध्वनिमुद्रण झालं. तिरुच्चीला. झाल्यावर आतल्या साहेबांनी त्यांना काचेपलीकडे बसवून ते ऐकवलं. ज्ञानम्नं आपला आवाज बाहेरून असा कधीच ऐकला नव्हता. सहानातली आलापी वर वर चढत गेली आणि अगदी वरच्या जागी जाऊन हलकेच थांबली, परत उतरली. साहेब डोळे पुसत म्हणाले, "अम्मा, या वयात हा आवाज. देवाची देणगी."

अम्मांनी हात जोडले.

ज्ञानम् जमिनीकडे बघत राहिली. ती सगळी जागा तिची होती. चढणं तिचं, थांबणं तिचं. आणि ती ऐकताना तिला वाटलं, ही कोण बाई आहे, हिला मी कधी भेटलेच नाही.

स्टेशनकडे जाताना दोघी रिक्षात होत्या. पुलावर आल्यावर कावेरीकडे बघत अम्मा म्हणाल्या, "वरची जागा कुणाची होती ते मला माहीत आहे हं."

पुढे काहीतरी येईल असं ज्ञानम्ला वाटलं. अम्मा म्हणाल्या, "खिडकीजवळची जागा मिळाली तर बघ, मला मळमळतंय."

अम्मा गेल्या त्या पंगुनी महिन्यातल्या देवळाच्या उत्सवाच्या आधी. शेवटचे काही महिने अंथरुणावरच होत्या. ज्ञानम् त्यांना मिऱ्याचं दूध पाजायची, केस विंचरायची. शेवटी शेवटी त्यांची वाचा गेली, तेव्हा त्या हातानं मांडीवर ताल धरायच्या आणि ज्ञानम् त्या तालावरून ओळखून कीर्तन म्हणायची. चुकलं तर हात थांबायचा. शेवटच्या वेळी काही चुकलं नव्हतं, हात आपोआपच थांबला.

वर्षश्राद्धाला गावातल्या गानसभेनं ठरवलं, अम्मांच्या आठवणीत ज्ञानसुंदरीनं गावं. तिचं नाव पहिल्यांदा भिंतीवरच्या कागदावर छापलं गेलं. मामा तो कागद घरी घेऊन आला, तिनं तो दोनदा वाचला.

व्यासपीठावर तिला पुढे बसवलं. समोर इतके चेहरे. तिला सवय अम्मांच्या पाठीची. इतकी वर्षं तिनं माणसांकडे त्या पाठीच्या कडेनंच पाहिलेलं होतं. तंबोरा सुरू झाला. अय्यासामींनी मृदंगावर हात ठेवला. ज्ञानम्नं ओठ उघडले आणि वाट बघितली.

आपण कुणाची वाट बघतोय हे तिच्या ध्यानातच येईना. मग सुरुवात केली, आधीपासून बांधलेलं वर्णम् नीट झालं. पण आलापीला बसली तेव्हा घात झाला. एक वाक्य ती गायची आणि थांबायची, पुढच्या वाक्याला समोरून कुणीतरी सुरुवात करील अशा अपेक्षेनं. व्हायोलिनवाल्यानं एकदोनदा ती भोकं भरून काढली. लोकांनी माना वळवायला सुरुवात केली. मागच्या रांगेतली माणसं कॉफीला उठली.

अय्यासामी वाकून पुटपुटले, "बाई, पुढं चल. कुणी येणार नाही आता."

हे ते मायेनंच म्हणाले. पण ते ऐकल्यावर तिला एक सूरही लावता येईना. तिनं राग आवरता घेतला, दोन छोटी कीर्तनं म्हटली, शेवटचं मंगलम् म्हणून उठली. लोक चांगले होते, टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना एक बाई दुसरीला म्हणत होती, "बिचारीला दुःख सहन झालं नाही." ज्ञानम्नं ते ऐकलं आणि तिला वाटलं, बरं झालं, हिला तसं वाटलं ते.

मग कुठून बोलावणं आलं नाही. मामानं मागची खोली तिला दिली, पुढचा भाग स्वतःच्या मुलाच्या नावावर करून दिला. मुलगा तिथं स्टीलच्या भांड्यांचं दुकान घालून बसला. दिवसभर भांड्यांचा खणखणाट. ज्ञानम् ओट्यावर लहान मुलींना सरळीच्या, म्हणजे सुरांच्या पहिल्या धड्याच्या, ओळी शिकवायची. मुली यायच्या, दोन गाणी लग्नासाठी बघायला येणाऱ्यांपुढे म्हणण्यापुरती शिकायच्या, जायच्या. स्वतः ती गात नव्हती. तंबोऱ्याची खोळ तिनं धुवून परत चढवली होती.

गाणं परत सुरू झालं तेही काही ठरवून नाही. उन्हाळ्यात दुपारी भांड्यांचं दुकान बंद असायचं, गल्ली चिडीचूप. एका दुपारी निवडायला सूप घेऊन बसली असताना तिच्या तोंडून मुखारी रागाची एक ओळ गेली. ती थांबली. वाट बघितली. पुढे कुणी आलं नाही. तिनं पुढची ओळ स्वतःच घेतली. परत थांबली. असं करत करत दुपार गेली आणि तांदूळ तसेच राहिले.

त्यानंतर रोज दुपारी ती बसायला लागली. तिचा स्वतःचा आवाज कसा आहे, हेच तिला धड माहीत नव्हतं. खाली तो अम्मांपेक्षा जाड होता, वर पातळ. अम्मा ज्या जागी घाई करायच्या तिथं तिला रेंगाळावंसं वाटायचं. पहिल्यांदा रेंगाळली तेव्हा तिनं दाराकडे बघितलं, कुणी रागावतंय का.

अय्यासामी शुक्रवारी मृदंग घेऊन यायला लागले. त्यांचे दात पडले होते, पान कुटून खायचे. वाजवून झालं की म्हणायचे, "आज चूक कमी." एवढंच कौतुक. त्यांनीच वलंगैमानच्या पलीकडच्या एका खेड्यात देवीच्या देवळात तिचं गाणं ठरवलं. मांडवात थोडी माणसं, त्यातली अर्धी प्रसादाच्या पुळियोदरैसाठी, चिंचेच्या भातासाठी, थांबलेली. ज्ञानम् गायली. आलापीत थांबली नाही. मागे कुणी नव्हतं, तंबोऱ्याच्या जागी सुरांची पेटी होती. परतीच्या बसमध्ये अय्यासामी झोपी गेले आणि ती खिडकीतून भाताची खाचरं बघत बसली. आनंद झाला होता, तो सांगावा असं माणूस नव्हतं. अय्यासामींना उठवावंसं वाटलं, पण ते तोंड उघडं टाकून इतके गाढ झोपले होते.

त्या वर्षाअखेर तेही गेले.

वनजा आली ती त्याच्यानंतर. शिंप्याची मुलगी, सावळी, उंच. बाकीच्या मुली गेल्या तरी ही जाईना. संध्याकाळी अंगण झाडायची, पाणी भरायची, रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवायची, आणि न सांगता ज्ञानम्च्या मागे, जराशी डावीकडे, येऊन बसायची. ज्ञानम्नं श्वास घेतला की तिथं वनजा असायची. परत आली की नसायची. कुणी शिकवलं नव्हतं. खेड्यापाड्यांतल्या देवळांत दोघी जायला लागल्या. ज्ञानम्ला इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं वाटलं की आपण गाताना एकट्या नाही. घरी आल्यावर वनजा रस्सम् करायची, दोघी चौकात बसून जेवायच्या, वनजा दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करून हसवायची.

एका उत्सवात ज्ञानम्ला खोकला झाला होता. वरची जागा येणार नाही हे तिला ठाऊक होतं. तिनं हात वर नेला, डोळे मिटले आणि ओठ उघडले. सूर मागून आला. स्वच्छ, भरलेला. मांडवातल्या लोकांनी "भले" म्हटलं.

ज्ञानम्नं डोळे उघडले, आणि बाकीची मैफल तिनं खालच्या पट्टीतच गाऊन संपवली.

दोन दिवसांनी ती वनजाला म्हणाली, "तंजावरला माझ्या ओळखीच्या एक बाई शिकवतात. त्यांच्याशी मी बोलले आहे. तू तिकडे जा."

"कशाला? मला इथं यायचं ते येतंय की."

"इथं तुला मागे बसायचं तेवढं येईल."

"मला मागे बसायला आवडतं, अक्का."

"माहीत आहे," ज्ञानम् म्हणाली. "म्हणूनच जा."

वनजाचा चेहरा उतरला. "माझं काही चुकलं का? परवा वर गेले म्हणून? तुम्ही हात वर केलात, मला वाटलं..."

"तुझं काही चुकलं नाही. माझा हात वर गेला, ते चुकलं."

वनजाला ते समजलं नाही. तिला वाटलं, अक्काला आपला आवाज सहन होत नाही. तसं ती गल्लीत कुणाकुणाला बोललीही. ज्ञानम्च्या कानावर आलं, तिनं ते खोडलं नाही. खोडलं असतं तर मुलगी परत आली असती.

वनजा गेली. दोनेक वर्षं तिच्याकडून काही कळलं नाही. मग कळलं की ती स्वतः गाते, नाव होतंय. पंगुनीच्या उत्सवात तिचं गाणं मन्नारगुडीच्या देवळासमोर ठेवलं, तेव्हा ज्ञानम् जाऊन शेवटच्या रांगेत खांबाला टेकून बसली. वनजाच्या मागे तंबोऱ्यावर एक मुलगी होती, पण ती गात नव्हती. वनजा जिथं श्वास घ्यायची तिथं नुसती शांतता असायची, आणि ती शांतता वनजाला भिववत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनजा घरी आली. दारात चपला काढून उभी राहिली, आत आली नाही. बाहेर गाडी उभी होती.

"काल आला होतात म्हणे."

"आले होते."

"कसं झालं?"

"तोडीत घाई करतेस. बाकी बरं होतं."

वनजा जरा हसली. मग म्हणाली, "मी तुमच्यावर फार रागावले होते, अक्का."

"अजून आहेस का?"

"थोडी."

"असू दे," ज्ञानम् म्हणाली. "इडली आहे, खाऊन जा."

"गाडीवाला घाई करतोय. पुढच्या वेळी."

"बरं."

वनजा पाया पडली आणि गेली. ज्ञानम्नं दोन माणसांची चटणी वाटली होती. तिनं ती झाकून ठेवली, ओट्यावर ऊन यायच्या आत खालचा पंचम लावायला बसली.